खुर्ची उघडी ठेवू नये

१

परळला भोईवाड्याच्या मागच्या गल्लीत विनीत मेस्त्रीचा कुशनचा गाळा आहे. सोफ्याला नवं कापड, ऑफिसच्या खुर्च्यांना नवा फोम, दवाखान्यातल्या टेबलांना रेक्झिन, असली कामं. गाळा वडिलांनी, म्हणजे अप्पा मेस्त्रींनी उभा केलेला. सकाळी शटर वर करायचं, अप्पांच्या फोटोला उदबत्ती ओवाळायची, चहा सांगायचा आणि मग येईल त्या गिऱ्हाइकाला ‘उद्या नक्की’ म्हणायचं, हा विनीतचा रोजचा क्रम. ‘उद्या नक्की’ हे शब्द त्याच्या जिभेवर इतके मुरले होते की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं.

नवरात्राच्या सुरुवातीला एका सकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या छोट्या चर्चमधून नताल परेरा आला. मेणबत्त्यांपासून घंटेपर्यंत चर्चची सगळी व्यवस्था बघणारा हा म्हातारा इस्ट इंडियन ख्रिश्चन, पण बोलणं अस्सल परळचं. काखेत चादरीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं. चादर सोडली तर आत लाकडाची घडी. नतालने दोन्ही हातांनी ती फाकवली आणि खुर्ची उभी राहिली. फुलीसारखे पाय, दोन बाजूंना हात टेकायला दांडे, दांड्यांच्या टोकांना पितळी गोळे आणि मध्ये झोळीसारखं ताणलेलं चामडं. तिला पाठ नव्हती.

“ही बिशपची खुर्ची,” नताल म्हणाला. “आमच्याकडे बिशप काय रोज येत नाय. आला की ही वेदीसमोर उघडायची, लोकांकडे तोंड करून. बिशप बसतो. उठला की लगेच मिटायची.”

“मिटायची घाई कशाला?” विनीतने विचारलं.

“मोठ्या आर्चबिशपची खुर्ची कायमची असते, ती हालत नाय. ही पाहुण्याची. पाहुणा उठला की खुर्चीपण उठली पायजे. तू काम करताना उघड, काम झालं की मीट. उघडी, रिकामी ठेवायची नाय. एवढं ऐक माझं.”

चामडं मधोमध फाटलं होतं आणि फुलीच्या सांध्यातला दांडा खिळखिळा झाला होता. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये मुलांचं कन्फर्मेशन, म्हणजे धर्मात पक्कं करण्याचा विधी होता, त्याला बिशप येणार होते. विनीतने मान डोलावली. उद्या नक्की, म्हणाला.

इथे अप्पांबद्दल सांगायला हवं, कारण विनीत स्वतः होऊन सांगणार नाही. लालबागच्या चाळीतली खोली अप्पांची. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा त्या खोलीच्या बदल्यात बाराव्या मजल्यावर हॉल, बेडरूम आणि किचन मिळालं. अप्पा तिथे जेमतेम एक दिवाळी राहिले. मग हॉलमध्ये दोन भिंती अडवणारा मोठा सोफा आला, विनीतच्याच गाळ्यात बनलेला, आणि अप्पांची खाट मावेना. “बसायला जागा नाय हो अप्पा, तुम्हीच बघा,” असं म्हणून विनीत त्यांना वडाळ्याच्या वृद्धाश्रमात सोडून आला. थोडे दिवस, म्हणाला. अप्पा फोन करून विचारायचे, तो पुढचा सण सांगायचा. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी अप्पा तिथेच गेले. ज्याच्या खोलीवर घर उभं राहिलं, त्याला त्या घरात टेकायला हातभर जागा मिळाली नाही. मला विचाराल तर याला पाप म्हणतात. विनीत याला अडचण म्हणायचा.

२

खंडेनवमीला सगळेच कारागीर हत्यारं पुजतात. मेस्त्रींच्या गाळ्यात त्याच्या जोडीला अप्पांनी पाडलेली एक रीत होती. आपण लोकांना बसवणारी माणसं, तेव्हा आज देवाला बसवायचं. नव्याने तयार झालेली एखादी खुर्ची मधोमध मांडायची, तिला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि हात जोडून विश्वकर्म्याला सांगायचं, देवा, या, बसा. मग दसऱ्याला उत्तरपूजा. अक्षता टाकायच्या, ‘पुनरागमनाय च’ म्हणायचं, खुर्ची जागची जराशी हलवायची आणि मगच ती गिऱ्हाइकाकडे धाडायची.

यंदा तयार अशी एकच खुर्ची होती, बिशपची. बाकी सगळं ‘उद्या नक्की’मध्ये अडकलेलं. विनीतने ती उघडून मधोमध मांडली. नवं चामडं छान ताणून बसलं होतं. त्याने दोन्ही पितळी गोळ्यांना कुंकू लावलं, एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर हार टाकला. कात्र्या, हातोड्या, स्टेपल गन, शिलाईचं मशीन, सगळ्यांवर फुलं पडली. मनू, हा अप्पांच्या हाताखाली तयार झालेला जुना कारागीर, एकदम डोळे पुसायला लागला.

“शेठ, आजच्याच तिथीला गेले ना अप्पा. असते तर...”

बाकीचे कारागीर विनीतकडे बघायला लागले. आता इथे विनीतने गुपचूप आरती म्हणायची. पण चार माणसं बघत असली की त्याला भरून यायचं, एकटा असला की कधीच नाही. त्याने आवाज जड केला, डोळे मिटले आणि विश्वकर्म्याच्या जागी म्हणाला, “अप्पा, या. बसा.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पेढे वाटून झाल्यावर शटर पडलं. दसऱ्याला गाळा उघडायला हवा होता, पण विनीतच्या बायकोने, रुपालीने, माथेरानची खोली आधीच ठरवून ठेवली होती. उत्तरपूजा परत आल्यावर करू, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मुलाला, नीलला, बॅगा खाली न्यायला सांगितल्या.

परतल्यावर त्याने गाळा उघडला तेव्हा हार सुकून दोरी झाला होता. सगळीकडच्या पाकळ्या वाळून हलक्या झालेल्या, पंख्याचा वारा लागताच सरकायला लागल्या. बिशपच्या खुर्चीत पडलेल्या पाकळ्या मात्र हलल्या नाहीत. त्या चिरडून चामड्याला चिकटल्या होत्या. विनीतने त्या खरवडायला तळहात टेकवला आणि झटकन काढून घेतला.

चामडं कोमट होतं. बसमध्ये कोणी उठून गेल्यावर सीट लागते तसं.

३

माणूस शहाणा असला की त्याला कारणं सापडतात. विनीतला तर डझनभर सापडली. ऑक्टोबरची काहिली, वर पत्रा, बंद शटर. चामडं ऊब धरून ठेवतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पाकळ्या उंदरांनी चिरडल्या असतील. पत्र्याखाली ठेवलेलं लोखंड मात्र गार का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

त्याने खुर्ची मिटायला घेतली. दोन्ही दांडे धरून आत ढकलले. खुर्ची अर्धा इंच आत आली आणि थांबली. सांधा त्याने स्वतः दुरुस्त केला होता, तेल घातलं होतं, पूजेच्या आधी ती लोण्यासारखी मिटत होती. त्याने जोर लावला. मधलं चामडं ढिलं पडायला हवं होतं, ते तसंच खाली ताणलेलं राहिलं. नताल येईल तेव्हा बघू, असं म्हणून तो आपल्या रोजच्या स्टुलावर टेकायला गेला आणि तसाच उभा राहिला.

स्टूलही कोमट होतं.

तिथून सुरुवात झाली. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर हात ठेवावा तर कोमट. स्कूटरची सीट कोमट. सावलीत उभी केलेली स्कूटर, आणि तरी. घरी हॉलमधला तो मोठा सोफा, ज्यावर अख्खं लग्नाचं वऱ्हाड बसलं असतं, त्याचा कोपरान्‌कोपरा कोमट. त्याने जमिनीवर मांडी घालायचं ठरवलं, तर फरशीतून ऊब वर येत होती. रुपाली त्याच सोफ्यावर आरामात मालिका बघायची, नील पाय पसरून मोबाइल खेळायचा. त्यांना काही नाही. फक्त विनीत जिथे टेकायला जाई, ती जागा नुकतीच कोणी सोडलेली किंवा, त्याला हे मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं, कोणी न सोडलेली असे.

तो उभ्याने जेवायला लागला. उभ्याने पेपर वाचायला लागला. लोकांनी अर्थातच जो लावायचा तोच अर्थ लावला.

“अहो, त्यात लाजण्यासारखं काय आहे?” रुपाली म्हणाली. “माझ्या भावाला पण होती मूळव्याध. दादरला चांगले डॉक्टर आहेत.”

दादरच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. पाय मात्र सुजले होते, पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या. “तुम्ही बसत का नाही?” डॉक्टर वैतागले. “असेच उभे राहिलात तर पाय कायमचे जातील, सांगून ठेवतो. बसा आधी.” आणि त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. विनीतने तिच्यावर बोटं टेकवून बघितली आणि थँक्यू म्हणून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कारागीर जेवायला गेले तेव्हा त्याने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. ऊब आपल्याच हातात आहे, आपल्याला ताप असेल, नस दबली असेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. बाहेर रस्त्यावर भर ऊन, शाळेची पोरं ओरडत चाललेली, समोरच्या दुकानात रेडिओ. अशा वेळी कोणी कशाला घाबरावं? तो बिशपच्या खुर्चीकडे पाठ करून उभा राहिला, डोळे मिटले आणि धपकन बसला.

चामड्यावर तो बसलाच नाही.

खाली दोन मांड्या होत्या. बारीक, हाडकुळ्या, वयस्कर माणसाच्या. धोतराच्या कापडाची घडी त्याला पँटमधून जाणवली. तो उठायला गेला तर दोन्ही दंडांना मागून हात पडले, लहान मूल मांडीवर घेतल्यावर ते घसरू नये म्हणून धरतात तसे. मानेवर श्वास आला आणि त्याबरोबर अप्पांच्या तपकिरीचा वास. हात आवळत गेले. विनीतला ओरडायचं होतं, पण लहानपणी ज्या मांडीवर बसून त्याने अंगठा चोखला होता तिथे बसून ओरडणार कसं? समोर अप्पांचा फोटो हसत होता. हात आणखी आवळले. मूल घसरू नये म्हणून कोणी इतकं आवळत नाही.

शटरपाशी मनूची चप्पल वाजली आणि विनीत पुढे तोंडावर आपटला.

“शेठ, काय झालं?”

“पाय घसरला,” विनीत म्हणाला. घरी जाऊन शर्ट काढला तेव्हा दोन्ही दंडांवर चार चार बोटं काळीनिळी उमटली होती.

४

रुपालीने घाबरून माहीमहून नलूआत्याला बोलावलं. नलूआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, मालवणी तोंडाची, रोखठोक. भावाला वडाळ्याला ठेवल्यापासून ती या घरातलं पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिने विनीतकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, दंडांवरचे वळ बघितले आणि थेट गाळ्यात चल म्हणाली.

खुर्चीवरचा सुकलेला हार अजून तसाच होता.

“पूजा केलंस?”

“केली.”

“बोलावलंस कोणाक?”

मनूनेच खाली मान घालून सांगितलं. आत्याने कपाळावर हात मारला.

“आणि उत्तरपूजा?”

“माथेरानला गेलो होतो.”

“बापाक घरात बोलावून तू माथेरानाक गेलंस! जिवंतपणी एकदा केलंस, मेल्यावर परत तेच. शाबास हां.” ती रडत होती आणि शिव्याही देत होती. मग पदराने नाक पुसून तिने पिशवीतून अक्षता काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. “टाक. आणि म्हण.”

विनीतने अक्षता टाकल्या. त्या चामड्यावर पडल्या आणि मधल्या खोलगट जागेकडे न घरंगळता कडेलाच अडकून राहिल्या, जणू मधे काही होतं. मंत्र त्याला पाठ होता. यान्तु देवगणाः सर्वे म्हणून झालं, पुढची ओळ अर्धी झाली, आणि शेवटचे शब्द, परत या, हे सांगणारे, त्याच्या घशात अडकले. परत यावं असं त्याला वाटत नव्हतं. अप्पांनी एकदाचं जावं, कायमचं जावं, हात सुटावेत, कुठेतरी पाठ टेकून निवांत बसता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

“म्हण की. परत या म्हटल्याशिवाय पाहुणो उठता काय?”

तो पुटपुटला. खुर्चीचे दांडे धरून हलवायला गेला, तर ती जागची हलेना.

“तुझ्या मनात नाय,” आत्या म्हणाली. “मनात नाय तर अक्षता फुकट.” आणि माहीमला निघून गेली. चहा विचारला, तोही घेतला नाही.

५

शनिवारी खुर्ची पोचवायची होती. मिटत नव्हती, म्हणून विनीत आणि मनू दोघांनी ती उघडीच उचलली. दोन गल्ल्या जायचं, पण मधे तीनदा खाली ठेवावी लागली. मनूला धाप लागली.

“शेठ, नतालकाकांनी ही काखेत मारून आणली होती ना?”

प्रत्येक वेळी खुर्ची टेकवताना विनीत ती हळूच टेकवत होता. मनूने ते बघितलं असेल, पण विचारलं नाही.

चर्चच्या दारात नताल उभा होता. उघडी खुर्ची येताना दिसली तसा त्याचा चेहरा उतरला. पितळी गोळ्यांच्या खाचेत राहिलेलं कुंकू त्याने अंगठ्याने पुसलं, खुर्ची मिटून बघितली, मग पुन्हा बघितली, मिटेना.

“कोणाला बसवलंस?” त्याने हळू आवाजात विचारलं. उत्तराची वाट न बघता म्हणाला, “उद्या तू इथे पायजेस मला. मी बिशपला काय सांगू?”

रविवारी चर्च भरलेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली मुलं पुढच्या बाकांवर, त्यांचे आईबाप मागे, पंख्यांची घरघर, मोगऱ्याचा वास. विनीत सगळ्यात मागे खांबाला धरून उभा होता. पायांत ठणके मारत होते, घोट्यांवरची कातडी चकचकीत झाली होती. बाकावर जागा होती. त्याने हात लावून बघितला होता.

बिशप वसईकडचे, मराठी घरातले, वाकलेले आणि वयस्कर. प्रार्थना झाली, गाणी झाली, मग त्यांनी बसून मुलांना एकेक करून जवळ बोलवायचं होतं. वेदीसमोर खुर्ची मांडली होती, लोकांकडे तोंड करून. नतालने बिशपांच्या हातातली काठी घेतली, बिशप वळले आणि खुर्चीसमोर थांबले.

ते काही क्षण बघत राहिले. लोकांना वाटलं प्रार्थना करतायत. मग त्यांनी मान किंचित लववली, एखाद्या वयाने मोठ्या माणसाला रस्त्यात भेटल्यावर लववतात तशी, आणि नतालच्या कानात काहीतरी सांगितलं. नताल आत गेला आणि चर्चच्या हॉलमधली साधी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. बिशप तिच्यावर बसले, त्या खुर्चीच्या बाजूला, जरासं अंतर सोडून. मुलं येत गेली. प्रत्येक मूल बिशपांसमोर गुडघे टेकत होतं. एक लहानगी मुलगी मात्र परत जाताना त्या रिकाम्या खुर्चीला चुकवून लांबून गेली आणि जाताना तिने हळूच तिकडे हात हलवला.

सगळं संपल्यावर नतालने विनीतला आतल्या खोलीत नेलं. बिशप पाणी पीत बसले होते. त्यांनी विनीतकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळेच विनीतला जास्त भीती वाटली.

“तुमचे वडील?” त्यांनी विचारलं.

विनीतने होकारार्थी मान हलवली.

“फार थकलेत. आणि रागावलेत. मुलगा घरी न्यायला येणार आहे, एवढंच सांगतात.” बिशपांनी ग्लास खाली ठेवला. “खुर्ची आज तुम्ही घेऊन जा. घरी न्या त्यांना. नीट, तोंडाने सांगून. ते आपणहून उठले की खुर्ची मिटेल. मग आणून द्या.”

“घरीच न्यायला हवं का?” विनीतच्या तोंडून गेलं.

नतालने मान फिरवली.

“तुमचं घर आहे,” बिशप म्हणाले. “तुम्ही बघा.”

६

टॅक्सीच्या टपावर खुर्ची बांधली. ड्रायव्हर कुरकुरला, गाडी दबते म्हणाला. विनीत मागच्या सीटवर बसला नाही, गुडघ्यांवर वाकून ओणवा राहिला. लालबागचा पूल आला. घर समोर दिसत होतं, बाराव्या मजल्यावर रुपालीने वाळत घातलेली गुलाबी बेडशीटसुद्धा.

एकदा तोंडाने सांगायचं होतं. अप्पा, घरी चला. एवढे तीन शब्द. पण त्याच्या डोळ्यांसमोर हॉल आला. तो सोफा, आणि त्या सोफ्यासमोर कायमची मांडलेली, उघडी, कोमट खुर्ची. नील मित्रांना घरी आणणार, रुपालीच्या मैत्रिणी येणार, आणि आपण आपल्याच घरात जन्मभर उभे. आणि ते नाही उठले तर?

“भाईसाब, लेफ्ट लेनेका?” ड्रायव्हरने विचारलं.

“नहीं,” विनीत म्हणाला. “गाडी घुमाओ. वडाला.”

तुम्ही म्हणाल, माणूस इतका कसा शिकत नाही. पण आपलं घर वाचवायचं असलं की माणसाला दुसऱ्याचं घर दिसत नाही, आणि विनीतला तर स्वतःच्या बापाचंही दिसलं नव्हतं.

वृद्धाश्रमातल्या नम्रताताईंनी त्याला ओळखलं. अप्पांच्या नावाने एक चांगली खुर्ची देतोय, असं त्याने सांगितलं. चर्चला काय सांगायचं ते नंतर बघू. व्हरांड्यात, जिथून आतली जेवणाची पंगत दिसते तिथे, त्याने ती ठेवली. ठेवताना त्याच्या लक्षात आलं, खुर्ची हलकी झाली होती. त्याने भीत भीत चामड्यावर हात ठेवला.

गार.

त्याने दांडे नुसते धरले आणि खुर्ची विनातक्रार मिटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला. अप्पा उठले होते. उठून कुठे गेले, हा विचार त्याच्या मनातही आला नाही.

फाटकाकडे येताना पाय साथ देईनात. फाटकाच्या आत बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक होता. विनीतने सवयीने आधी हात टेकवला. बाक थंडगार होता. किती दिवसांनी! तो बसला, पाठ टेकली, पाय लांब केले आणि मोठ्याने हसला. दुपारची वेळ होती, आत ताटांचे आवाज येत होते, वारा चांगला सुटला होता. एवढं सुख त्याला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. जरा वेळाने त्याने ‘जेवायला थांबा’ असं सांगायला घरी फोन लावला.

“हॅलो,” रुपालीने उचलला. “बोला अप्पा.”

“अगं मी. विनीत.”

ती हसली, वयस्कर माणसाच्या चेष्टेला हसतात तशी. “काय अप्पा, थट्टा करताय का? हे आत्ताच आले चर्चमधून. सोफ्यावर मस्त पाय पसरून बसलेत. किती दिवसांनी बसले बाई, माझा जीव भांड्यात पडला. देते हं.”

विनीत उठायला गेला. पायांनी ऐकलं नाही. त्याने खाली बघितलं. पँटच्या आत गुडघे दोन टोकदार उंचवट्यांसारखे वर आले होते आणि गुडघ्यावर टेकलेल्या हाताची कातडी सैल, डागाळलेली होती. त्याने हात उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. फोनमध्ये सोफ्याचं कापड करकरलं. कोणीतरी नीट रेलून बसलं.

“हां, अप्पा.” आवाज विनीतचा होता. तोच, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा, घाईतला आणि गोड. “आज नाय जमणार हो. गाळ्यात खूप काम आहे. आणि बसायला तरी जागा कुठाय इथे? दिवाळीला नक्की. जेवून घ्या तुम्ही.”

फोन बंद झाला. विनीतने पुन्हा लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

फाटकावरचा रामजी किल्ल्या वाजवत जवळ आला. “झालं बोलणं?” त्याने मायेने विचारलं. “काय म्हणतो मुलगा? कधी येतोय न्यायला?”

मी मुलगा आहे, असं विनीतला ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलं, तर त्यातून कापरा, दमलेला, दुसऱ्याचाच आवाज निघाला.

“दिवाळीला नक्की म्हणाला.”

रामजीने मान हलवली आणि फाटक लावून घेतलं.